सुगंधाबाईचं सातवं मरण

सुगंधाबाई पडद्यावर सहा वेळा मेली होती. दोनदा क्षयानं, एकदा विहिरीत पडून आणि बाकीच्या वेळी पोराच्या काळजीनं. नायिका व्हावं असं रूप तिला नव्हतं. पंचविशीतच तिच्या केसांना पांढरी पूड लागली आणि ती नायकाची आई झाली ती कायमचीच. जाहिरातीत तिचं नाव पार तळाला असे. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे, पण मरायचं काम ती नेकीनं करी. नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. मरावं तर सुगंधाबाईनं, असं दिग्दर्शक म्हणत.

सातव्या मरणासाठी १९५७ साली कंपनीनं तिला आलापल्लीला आणलं. गोष्ट जंगलातली, त्यामुळे सागवान खरंखुरं हवं होतं. मोटारीतून उतरताना तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, कारण तिथून दोन कोसांवर तिचं माहेर. चोवीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून नाटक कंपनीबरोबर निघून गेली, तेव्हा थोरल्या भावानं, मुखरूनं, गावच्या तळ्यावर तिच्या नावानं आंघोळ केली होती. माणूस गेलं की करतात ती. तिनं दर दिवाळीला पत्र टाकलं. एकाचंही उत्तर आलं नाही. आता इतक्या जवळ येऊनही गावात जायचा तिला धीर होईना. भावानं उंबऱ्यावरूनच परतवून लावलं तर? पडद्यावरच्या मरणाचं तिला काही नव्हतं, या एका गोष्टीची मात्र भीती वाटे.

प्रेतयात्रेला माणसं हवीत म्हणून आसपासच्या गावांतून शंभरेक जण बोलावले होते. तिरडी त्यांनीच बांधली, आणि अशी चोख बांधली की कंपनीचा सुतार बघत राहिला. सुगंधाबाई आडवी झाली. डोळे मिटले. दिग्दर्शक ओरडला, "उचला!"

कोणी हललं नाही.

"उचलत नाई," तिच्या माहेरच्या गावचा इसरू नावाचा म्हातारा म्हणाला. "माहेरचं लुगडं कुठी हाय? ते अंगावर पडल्याबिगर आमी बाईले उचलत नाई."

"अहो, पण हे सगळं खोटं आहे! बाई जिवंत आहे!"

"ते दिसून राह्यलं आमाले. पण खांदा तं आमचा खरा हाय ना?"

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. कपड्यांच्या पेटीतून कोणीतरी एक साडी आणली. "हे कोनाच्या माहेरचं?" इसरूनं विचारलं. मग म्हातारा गर्दीकडे वळला. "मुखरू, मांगं काऊन उभा हायेस? जित्या बहिणीच्या नावानं आंघोळ केली, आता मेलीवर लुगडं टाकाले हात जड झाले काय?"

तिरडीवर सुगंधाबाईनं मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. भाऊ इथं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मग पावलं ऐकू आली. ती जवळ आली नाहीत, दूर दूर जात राहिली. संपलं, असं तिला वाटलं.

दिग्दर्शक चिडून विड्या ओढत बसला. सुगंधाबाईला कोणी चहाला बोलावलं, पण ती उठली नाही. उठली असती तर मुखरूची मोकळी जागा बघावी लागली असती. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तशीच पडून राहिली.

तासाभरानं परत पावलं वाजली. मुखरू आलापल्लीच्या बाजारातून घडी न मोडलेलं हिरवं लुगडं घेऊन आला होता. चित्रपट काळा-पांढरा, हिरवा रंग कोणाला दिसणार नव्हता. त्यानं लुगडं बहिणीच्या अंगावर पसरलं आणि पायाशी नीट खोचलं. खोचताना त्याचा खरबरीत हात तिच्या घोट्याला लागला, आणि सुगंधाबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"थांबवा! मेलेली बाई रडते कशी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं मरण बिघडलं. मुखरूनं लुगडं काढलं, घडी घातली, पुन्हा पसरलं. पुन्हा पाणी. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी तिनं दातांखाली जीभ धरली तेव्हा कुठे ती धड मेली. तिरडी उचलली गेली. पुढचा खांदा मुखरूचा होता.

काम आटोपल्यावर ती उठून बसली, लुगडं छातीशी धरून. मुखरू समोर आला. दाढी पिकलेली. त्यानं हात पुढे केला.

"आन इकडं ते."

"राहू दे ना, भाऊ." चोवीस वर्षांत जिभेवर न आलेली बोली आपोआप आली. "माहेरचं हाय. मले पाह्यजे."

"मेलेल्याच्या अंगावरचं जित्यानं नेसू नये. एवढंबी समजत नाई तुले?"

त्यानं लुगडं तिच्या हातून काढून घेतलं, घडी करून काखेत मारलं आणि चालू लागला. सुगंधाबाई तिरडीवरच बसून राहिली. सागाच्या पहिल्या झाडापाशी तो थांबला. मागं वळला नाही.

"भाऊबीजेले ये," तो म्हणाला. "नवं घेऊन ठेवतो."