पेटला का, बापट?

किस्से काही जमवावे लागत नाहीत. आपल्याला न झेपणारी एखादी गोष्ट चारचौघांत करायला घ्यायची, बस्स! पुढचं सगळं काम पुण्यातली माणसं आपणहून करतात. मी पाइप ओढायला घेतला आणि माझ्याकडे इतके किस्से साठले, की पाइपपेक्षा त्यांचाच धूर जास्त झाला.

तेव्हा मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. पस्तिशी उलटलेली, केस मागे सरकायला लागलेले आणि वर्गात मला कोणी फारसं घाबरायचं नाही. अशात इंग्लंडहून परतलेल्या एका मित्राने मला तपकिरी रंगाचा, छान वळणदार पाइप भेट दिला. घरी आरशासमोर तोंडात धरून पाहिला. खोटं कशाला सांगू, विद्वान दिसलो!

बायकोला, म्हणजे सुधाला, विचारलं, "कसा दिसतो?"

तिने गवार मोडता मोडता वर पाहिलं. "तोंडात असेल तेवढा वेळ तरी बोलणार नाही ना? मग राहू दे."

*

पाइप आला, आता तंबाखू हवी. कसबा पेठेतल्या एका जुन्या दुकानात मिळेल असं कळलं. दुकानदार पेपर वाचत होते.

"पाइपची तंबाखू आहे का?"

"आहे."

"कशी आहे?"

"डब्यात आहे."

"तसं नाही हो, चांगली आहे का?"

"मी ओढत नाही."

"मग गिऱ्हाइकांना काय सांगता?"

त्यांनी पहिल्यांदाच पेपर खाली घेतला. "गिऱ्हाइकं विचारत नाहीत. त्यांना ओढता येते."

*

स्टाफरूममध्ये मी ऐटीत पाइप भरला. तंबाखू जास्त भरली की जास्त वेळ टिकेल, असा माझा हिशेब. अर्थशास्त्राचा माणूस ना! अंगठ्याने दाबून दाबून तंबाखू अशी ठासली, की आत हवेलासुद्धा जागा उरली नाही. काडी लावली, विझली. दुसरी लावली, विझली. मी जीव खाऊन ओढतोय, गाल आत जाऊन एकमेकांना भेटतायत, डोळ्यांत पाणी, आणि धूर काही येत नाही!

समोर संस्कृतच्या करमरकर बाई पेपर तपासत होत्या. फार प्रेमळ बाई. बराच वेळ त्यांनी माझे हाल पाहिले. मग पर्समधून एक छोटी डबी काढून माझ्यापुढे सरकवली.

"लवंग आहे. दाढेत धरा. आणि हे जे काय ओढताय ना, त्याने उतार पडत नाही हो! डॉक्टरांकडेच जा."

त्या दिवसापासून केमिस्ट्रीचे दामले मला रोज सकाळी 'नमस्कार'च्या ऐवजी एकच विचारायचे, "पेटला का, बापट?"

*

पाइपवाला माणूस गप्प बसला की लोकांना वाटतं, तो विचार करतोय. हा पाइपचा सगळ्यात मोठा फायदा, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. खरं आहे. पण त्याचा तोटा कोणी सांगितला नव्हता.

स्टाफ मीटिंग होती. विषय निघाला, यंदा गॅदरिंग कोण सांभाळणार? ही जबाबदारी म्हणजे महिनाभर पोरांची भांडणं, नाटकांच्या तालमी आणि शेवटी तुटलेल्या खुर्च्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नकाराचं वाक्य तयार ठेवलं होतं. घरी आजारपण आहे, वगैरे. आणि नेमका त्याच क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, पाइप नीट पेटला! मऊ, निळसर धूर यायला लागला. आता तोंड उघडलं की विझणार. मी हलके हलके झुरके घेत होतो आणि त्या तालावर माझी मान आपोआप खालीवर होत होती.

प्राचार्य म्हणाले, "वा! बापटांची तयारी दिसतेय."

मी डोळ्यांनी नाही नाही म्हणत होतो.

"बापट, काही हरकत असेल तर आत्ताच बोला."

बोललो असतो हो. पण पेटला होता ना!

गॅदरिंगला मोडलेल्या खुर्च्या मोजायला दामले मुद्दाम आले होते.

*

आमचे ऑफिसातले हेडक्लार्क शिंदे मूळचे वारज्याचे. तेव्हा वारज्याला शेतंच होती. एका रविवारी त्यांनी आम्हा स्टाफला हुरड्याला बोलावलं. शेतात आगटी पेटलेली, ज्वारीची कणसं भाजतायत, दही, चटणी, गूळ, सगळा थाट. मी पाइप काढला.

शिंद्यांचे चुलते बाजूला बसून कणसं चोळत होते. ते कौतुकाने म्हणाले, "सायेब, पुंगी हाय व्हय? वाजवा की!"

"पुंगी नाही, पाइप आहे. ओढायचा असतो."

"मग ओढा की."

वाऱ्यात काड्या टिकेनात. मला एकदम कल्पना सुचली. आगटीतला एक निखारा चिमट्याने उचलला आणि पाइपवर धरला. निखारा मोठा, पाइपचं तोंड लहान. तो घसरला आणि थेट माझ्या मांडीवर! मी बसल्या जागेवरून असा उडालो, की करमरकर बाईंच्या हातातलं दही त्यांच्या साडीवर. पँटला भोक पडलं. मांडीला मोठासा चटका. सगळे धावले.

चुलते मात्र जागचे हलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सायेब, भाजायचं ते हिकडं, आगटीत."

*

माझा पाइप विझतोच, याची मला इतकी खात्री झाली होती, की मी तो बघायचंच सोडून दिलं होतं. तास सुरू व्हायच्या आधी नेहमीप्रमाणे कोटाच्या खिशात टाकला आणि वर्गावर गेलो. विषय होता औद्योगिक क्रांती. त्या दिवशी मला सूर सापडला होता. कारखाने, भट्ट्या, चिमण्या, धुराने काळवंडलेली शहरं, असं मी रंगवून रंगवून सांगत होतो. वर्ग चिडीचूप! एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंसुद्धा माझ्याकडे टक लावून बघतायत. मला गहिवरून आलं. इतकी वर्षं शिकवल्याचं सार्थक झालं!

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. चेहरा गंभीर.

"सर, तुम्ही पेटलाय."

मी विनयाने म्हणालो, "बस, बस. विषयच तसा आहे."

तेवढ्यात हनुवटीपाशी धूर आला. मी कोट काढून टेबलावर आपटायला लागलो. पोरांच्या आरडाओरड्याने शेजारच्या लॅबमधून दामले वाळूची बादली घेऊन धावत आले. त्यांनी आधी कोटावर वाळू ओतली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अखेर पेटला म्हणायचा!"

*

कोट गेला, पाइप वाचला. त्या दिवाळीनंतर माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आल्या. माई अत्यंत सोवळ्याच्या. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, हॉटेलच्या चहाला आयुष्यात तोंड लावलेलं नाही. त्यांच्यासमोर पाइप काढायची माझी काय बिशाद! सुधाची तर सक्त ताकीद होती.

एका दुपारी सुधा दळण आणायला गेली होती. माई आत पडल्या होत्या. मी गॅलरीत जाऊन हळूच पाइप काढला. काडी, विझला. काडी, विझला. मागे चाहूल लागली. वळून पाहतो तर माई! हातात कापसाच्या वाती. मी पाइप पाठीमागे लपवला. शाळेतल्या पोरासारखा.

"इकडे आणा," माई म्हणाल्या.

आता बाहेर फेकणार! मी निमूटपणे दिला.

माईंनी वाती कट्ट्यावर ठेवल्या. पाइप उलटा करून कठड्यावर हलकेच ठोकला, नळीतून फुंकर मारून पाहिली. माझ्याकडची तंबाखू चिमटीचिमटीने आत सोडली, खाली सैल, वर जराशी घट्ट. काडी ओढली, वाऱ्याकडे पाठ केली आणि ज्योत गोल गोल फिरवत पाइप पेटवला. काडेपेटीच्या कोपऱ्याने वरची राख दाबली. मग डोळे मिटून दोन संथ झुरके घेतले. नाकातून धूर सोडला आणि पाइप माझ्या हातात दिला.

दार वाजलं. सुधा दळणाचा डबा घेऊन आत आली ती नाक मुरडतच.

"शी! आईसमोरसुद्धा? काही लाज? आई, तू तरी बोल ना यांना!"

माईंनी पदराने ओठ टिपले आणि वाती उचलल्या.

"अगं, पुरुषांच्या असल्या गोष्टींतलं मला काय कळतंय!"