मागच्या रांगेतली पेटी

"भाऊजी, नमस्कार वगैरे नंतर. शीतगोदामातल्या मागच्या रांगेतली एक पेटी काढून तपासायला पाठवा. नातीला काल पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. वहिनी."

एवढं खरडून वहिनींनी चिठ्ठी धाकट्या दिराच्या, म्हणजे भाऊजींच्याच, हातात कोंबली. तोंडी सांगितलेलं ते चहाबरोबर गिळून टाकत.

भाऊजी औषध-निरीक्षक. परदेशातून आलेलं औषध यांनी पास केल्याशिवाय बाजारात जायचं नाही. पण शीतगोदामात ते पाऊल टाकत नसत. गारठ्याने म्हणे शिंका येतात. मफलर गुंडाळून दाराबाहेर खुर्चीत बसायचे. आयातदाराची माणसं हाताशी असलेली पुढची पेटी आणून ठेवत, हे तिच्यावर तळवा टेकवून "छान गार आहे" म्हणत, आणि नमुनाही तिच्यातलाच घेत. तो पास व्हायचाच. घरी मात्र ऐट अशी, की साऱ्या शहराची नाडी यांच्याच मुठीत.

वहिनींनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं. नातीच्या इन्सुलिनची मात्रा बरोबर, खाणं मोजूनमापून, तरी साखर उतरेना. दवाखान्यात जुन्या खेपेच्या बाटलीतलं टोचलं, तर संध्याकाळपर्यंत साखर उतरली. घरी आल्यावर दुकानातली नवी बाटली, आणि पुन्हा तेच. सगळ्या दुकानांत आता भाऊजींनी पास केलेली खेप होती. गोदामाच्या मागच्या बाजूचा गार हवेचा पंखा बंद असतो, हे भाऊजींनीच एकदा जेवताना हसत सांगितलं होतं. उबेत इन्सुलिन निकामी होतं, हे वहिनींना कुणी शिकवायला नको होतं.

घरची बाटली तपासा म्हटलं, तर उघडलेली चालत नाही म्हणाले. म्हणून ती चिठ्ठी. ती वाचून भाऊजी हसले.

"मागे काय वेगळा ऋतू असतो का, वहिनी?"

"ते आत गेलेल्याला माहीत. तुम्ही दारातले."

"सोमवारी जातो. जरा नाक मोकळं होऊ दे."

सोमवारी नाक चोंदलेलं होतं. पुढच्याही सोमवारी. तोवर वहिनींचा मुलगा परगावी जाऊन दुसऱ्या खेपेच्या बाटल्या घेऊन आला, पोर सावरली. मग एक दिवस भाऊजी खुशीत आले. गोदाम रिकामं झालं, माल सगळा दुकानांत गेला, आता तपासायला उरलंय काय, असं त्यांचं म्हणणं.

"मग दुकानांतून परत मागवा," वहिनी म्हणाल्या. "आमची पोर वाचली. बाकीच्यांच्या पोरी काय तुमच्या सर्दीवर सोडायच्या?"

भाऊजी "बघतो" म्हणाले. या कामाला गारठ्यात जायचंही नव्हतं. कचेरीच्या उबेत बसून एक सही करायची होती. तीही त्यांनी केली नाही.