घरातल्याची सही

चौकीत त्याला ‘टपाल’ म्हणत. चोर पकडायला बाकीचे, कोर्टाचे कागद घरोघर पोचवायला हा. एकोणतीस वर्षं जिने चढून हवालदाराचे गुडघे कामातून गेले होते. कागदावरचं नाव आणि पत्ता एवढंच तो वाचायचा. आतलं वाचलं तर जेवण गोड लागत नाही, हे तो पहिल्या वर्षीच शिकला होता. माणूस घरी नसला तर घरातल्या कुणा मोठ्याची सही घ्यायची आणि सुटायचं, असा त्याचा शिरस्ता.

त्या दुपारी चौथ्या मजल्यावर एका म्हातारीनं दार उघडलं. कागद तिच्या मुलाच्या नावाचा होता. मुलगा कामावर, सून बाहेर.

“आजी, तुम्ही त्यांच्या कोण?”

“आई.”

“मग करा सही इथं. ते आले की द्या त्यांना.”

म्हातारीनं पेन हातात धरून ठेवलं. “मीच केली तर चालेल?”

“घरातलं कुणीही चालतं हो. उरका लवकर.”

तिनं एकेक अक्षर गिरवत सही केली. पोच फाडताना टपालची नजर सोबतच्या अर्जावर गेली. खाली अर्जदाराची सही होती, तीच, तशीच गिरवलेली. मुलगा घराबाहेर काढायला निघालाय, मला माझ्या घरात राहू द्या, असा तो अर्ज. जिची तक्रार, तिच्याच हातात यानं कागद ठेवला होता.

“अहो आजी, बोलायचं नाही का?”

“तुम्ही घाईत होतात. मला वाटलं, अशीच रीत असेल.”

त्याला स्वतःचीच लाज वाटली. ही सही कोर्टात टिकणार नव्हती. तारीख परवाची, ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि तोवर म्हातारी रस्त्यावर. म्हणजे हे चार मजले आजच पुन्हा चढणं आलं.

“किती वाजता येतो मुलगा?”

“सातला. मी कोर्टात गेले ते त्याला ठाऊक नाही.” ती दाराची कडी चाचपत राहिली. “कागद दिलात की लगेच निघू नका, दादा. थोडं बसा.”

“किती वेळ?”

“त्याचं जेवण होईपर्यंत. जेवल्यावर तो हात उगारत नाही.”

टपाल पावणेसातलाच येऊन बसला.