साडूच्या ताटातले धोंडे

आयुष्यात मला एकाच माणसाचा हेवा वाटला. तो माणूस आधी एकशे अठ्ठावीस किलोचा होता आणि नंतर ब्याऐंशी किलोचा झाला. मला दोन्ही वेळा वाटला.

त्याचं नाव रंगनाथ. माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, इंदूच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. आणि हे स्थळ मीच आणलेलं, त्यामुळं तक्रार घेऊन जाणार कुणाकडं?

वाळूजला नवे नवे कारखाने उभे राहत होते तेव्हा आम्ही दोघं एकाच शेडमध्ये, शेजारच्या मशीनवर होतो. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज शहर बंद, उद्या बस बंद. अशाच एका बंदला आमची पाळी संपली आणि न्यायला बसच आली नाही. दीड दिवस आम्ही कारखान्यात अडकलो. कँटीनवाला आधीच घरी निघून गेलेला. बाहेर माणसं एका नावासाठी जिवावर उदार झाली होती आणि आत मी भुकेनं तेलाच्या पिंपाला टेकून बसलो होतो (चळवळीच्या काळातली माझी कामगिरी एवढीच!). रंगनाथनं डबा उघडला. तीन भाकरी होत्या. त्यानं मोजून दीड माझ्या हातावर ठेवली. त्याच घासाला मी मनात मेहुणीचं, मंदाचं, लग्न ठरवून टाकलं. सासरी जाऊन सांगितलं, की मुलाचं मन फार मोठं आहे. पोटाचं माप काढायचं राहून गेलं.

सासुरवाडी वैजापूर तालुक्यात. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला, की जावयांना बोलवायचं, पुरण भरलेले, वाफवलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. हे सगळीकडंच आहे. मामांच्या घरी मात्र या रिवाजाला एक शेपूट होतं. त्यांची कांद्याची चाळ मोठी, चाळीपुढं पोती मोजायचा काटा. जेवणाआधी जावयाला त्या काट्यावर उभं करायचं आणि जेवण झालं की पुन्हा. मधला फरक म्हणजे मामींच्या हाताची चव! तो आकडा मामा खडूनं चाळीच्या दारावर लिहायचे आणि पुढचा धोंडा येईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, कुणी पुसायचा नाही. गावातली माणसं कांदा बघायला यायची ती आधी दार वाचायची.

माझा सगळ्यात मोठा आकडा एक किलो सातशे. (हसू नका. ताकपाणी धरून आहे.) रंगनाथचा दोन किलो दोनशे.

मी थोरला जावई. टॉवेल-टोपी आधी मला, नारळ आधी मला. दारावर मात्र तीन-तीन वर्षं मी त्याच्याखाली. मामी तर माझ्यादेखत म्हणायच्या, "रंगनाथराव जेवले की मलाच जेवल्यावानी वाटतंय." मी जेवल्यावर त्यांना काय वाटायचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग रंगनाथच्या अंगात साखर निघाली. गुडघे गेले. झोपेत श्वास अडकायला लागला, मंदा त्याच्या नाकापाशी हात धरून जागत बसायची. विद्यापीठाचं नामांतर होऊन तोवर दहा-बारा वर्षं झाली होती, आम्ही दोघं सुपरवायझर झालो होतो. शहरातल्या एका डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं, की जठराच्या वरच्या बाजूला सिलिकॉनची एक पट्टी बसवू. वर लिंबाएवढी जागा राहील, ती भरली की पोट भरलं. पट्टीची नळी कातडीखालच्या एका डबीला जोडलेली. डबीत सुईनं पाणी सोडलं की पट्टी आवळते, काढलं की सैल होते. मी विचारलं, म्हणजे सायकलच्या ट्यूबसारखं? डॉक्टर म्हणाले, तसं समजा. कागदावर नातेवाईक म्हणून सही मी केली.

सही करताना रंगनाथनं माझा हात धरला. "दाजी, मामीला कळू द्यायचं नाय. तिच्या हातचं खाऊन पोट बांधून घ्यायची पाळी आली, असं वाटंल तिला. मरंल ती."

मी शपथ घेतली. इंदूला तेवढं सांगितलं.

ऑपरेशननंतर हा माणूस चहाच्या बशीत जेवायला लागला. एक घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. पाव, पोळी, मऊ भात असलं चिकट काही घाईनं गिळलं की ते वरच अडकायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि घास आल्या वाटेनं परत. कँटीनमध्ये तो वरण-भाताचे चार घास खाऊन अर्धा तास चावत बसायचा. मी समोर बसून त्याचं उरलेलं संपवायचो. (अन्न टाकू नये.) वर्षभरात त्याचे चाळीस किलो गेले आणि त्यातले पाच माझ्याकडं आले.

आता हेव्याची गंमत बघा. जो माणूस जाड म्हणून मला खुपत होता, तोच बारीक झाल्यावर दुप्पट खुपायला लागला! कंपनीच्या बसमध्ये बायका त्याला विचारायच्या, भाऊ, काय करता हो? तो सांगायचा, फिरायला जातो. मग इंदूनं मलाही फिरायला काढलं. मी पहाटे पडेगावच्या रस्त्यानं निघायचो. अर्ध्या वाटेवर एक भजीवाला होता. महिन्याभरात मी एकशे चारचा एकशे सहा झालो. इंदूनं माझी पँट आणि रंगनाथनं मला दिलेली त्याची जुनी पँट एकावर एक ठेवून कपाटात रचली. त्याची जुनी पँट मला बरोबर येत होती!

आणि धोंड्याचा महिना आला.

आठ दिवस आधी रंगनाथ घरी आला. त्याला मी इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. "दाजी, मी अर्धा धोंडा कुस्करून खाईन. बाकीचे माझ्या ताटातून तुम्ही उचला. अन् काट्याचं..." त्यानं पिशवीतून दोन किलोचं लोखंडी माप काढलं. "जेवण झालं की हे गुपचूप माझ्या खिशात सोडा."

मी म्हणालो, काळजी करू नको. आणि शपथेवर सांगतो, म्हणालो तेव्हा मनात काही नव्हतं.

सासुरवाडीत गाडीतून उतरलो आणि सगळं गाव रंगनाथभोवती. काय रूप आलंय, काय चेहरा निघालाय! चुलत सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. माझी कुणी काढली नाही. काट्यावर तो चढला, मामा म्हणाले, "ब्याऐंशी. झकास." मी चढलो. एकशे नऊ. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्याच्या वर होतो आणि 'झकास' म्हणायला कुणी नव्हतं. मामा खडू हातात धरून म्हणाले, "थोरले पाव्हणं, आता जरा बेतानं घ्या."

वीस वर्षं ज्याच्या वर जायला मी खात होतो, त्याच्या वर गेलो त्या दिवशीच त्या आकड्याची किंमत गेली होती.

पंगत बसली. मामींनी रंगनाथच्या ताटात चार धोंडे वाढले. तो अर्धा कुस्करून चावत बसला. मी ठरल्याप्रमाणं एक उचलला, दुसरा उचलला. माझ्या खिशात दोन किलोचं माप. समोर चाळीचं दार, त्यावर त्याचे जुने दोन किलो दोनशे. आणि मला वाटलं, मी त्याचं जेवण जेवायचं, त्याचं वजन खिशात वागवायचं, आणि आजही दारावर नाव त्याचंच लागणार. दृष्टही त्याचीच निघणार.

माझ्या तोंडून शब्द आले, अगदी गोड आवाजात. "मामी, रंगनाथराव लाजू राहिलेत. वाढा की अजून दोन."

मामी लगबगीनं आल्या. दोन वाढले आणि समोरच बसल्या, तो खातो ते बघायला. रंगनाथनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. डबा उघडून दीड भाकरी देताना पाहिलं होतं, तसंच. मग त्यानं एक अख्खा धोंडा उचलला आणि मामीकडं बघून हसत हसत खाल्ला.

दोन मिनिटांत त्याला घाम फुटला. तोंडाला लाळ सुटली, बोलता येईना. तो उठून चाळीमागं पळाला, पंगत त्याच्यामागं. चुलत सासऱ्यांनी पाठीत धपाटे घातले. कुणी तांब्याभर पाणी पाजलं, ते तर त्याच्या दृष्टीनं जहर. कुणी म्हणालं, केळं द्या, घास खाली जातो. केळंही गेलं आणि धोंड्यावर जाऊन बसलं. दृष्ट काढणाऱ्या चुलत सासूबाई पुन्हा मीठ-मोहरी घेऊन आल्या. एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं आणि ते वाक्य मला येत होतं. मी काही बोललो नाही. बोललो तर, वाढायला कुणी लावलं, हा पुढचा प्रश्न होता.

शेवटी मंदाच ओरडली, की त्यांच्या पोटात पट्टी आहे, पाणी देऊ नका.

मामी होत्या तिथंच खाली बसल्या. मामांनी जीप काढली. मीही धावलो. आणि धावताना माझ्या खिशाची शिवण उसवली. दोन किलोचं माप थेट पायाच्या अंगठ्यावर!

अंगणातले सगळे आधी मापाकडं बघायला लागले आणि मग माझ्याकडं. मामांनी ते उचलून हातात तोललं. सावकाश म्हणाले, "पाव्हणं, म्हंजी ते एक किलो सातशे..."

काय सांगणार? इतकी वर्षं पोटाला तड लागेपर्यंत खाऊन, बटणं तोडून, डाव्या कुशीवर झोपून मिळवलेला तो आकडा होता. मामांनी जीप तशीच चालू ठेवली, दारापाशी गेले आणि पंच्यानं माझी ओळ पुसून टाकली.

जीप वेरूळच्या घाटाला लागली. मागच्या बाकावर रंगनाथ पातेल्यात मान घालून, पलीकडं मी सुजलेला अंगठा वर धरून, आणि मधे मामी, धोंड्यांचा डबा मांडीवर. डबा त्यांनी का घेतला होता, त्यांनाही ठाऊक नसावं. त्या एवढंच म्हणत होत्या, "म्या वाढलं. म्या माझ्या हातानं वाढलं."

मी होतो की शेजारी. अंगठा धरून.

दवाखान्यात डॉक्टरांनी डबीत सुई घातली आणि पट्टीतलं पाणी काढून घेतलं. पट्टी सैल झाली, धोंडा खाली उतरला. जेवढा वेळ जीपमधून आणायला लागला, त्याच्या शंभराव्या हिश्शात काम झालं. मग डॉक्टरांनी विचारलं, इतका मोठा घास कुणाच्या आग्रहानं घेतला? मी जमिनीकडं पाहिलं.

रंगनाथ म्हणाला, "कुणी नाय हो. मलाच राहवलं नाय."

दुसऱ्या बाजूच्या पलंगावर माझ्या अंगठ्याला प्लास्टर घालत होते. आई गं, म्हणून मी ओरडलो. तिथल्या सिस्टरना वाटलं, दुखतंय.

त्या सालापासून मामींनी धोंडे करणं सोडलं. महिना यायचा, वाण द्यायच्या, पंगतीला साधी पोळी-भाजी. मी वीसेक वर्षं गप्प राहिलो. रंगनाथही बोलला नाही. मला वाटतं, तो बोलला असता तर मला एवढा त्रास झाला नसता. पुढं त्याची पट्टी काढली, तरी तीस वेळा चावायची सवय राहिली आणि वजनही तिथंच राहिलं. माझं मात्र एकशे सतरावर गेलं, साखर निघाली, आणि गेल्या वर्षी मीही त्याच डॉक्टरांपुढं जाऊन बसलो. ते म्हणाले, आता याहून चांगल्या शस्त्रक्रिया निघाल्यात. मी म्हणालो, मला पट्टीच पाहिजे. साडूला बसवली होती ती. आणि तीच बसवून घेतली.

यंदाच्या धोंड्याला गेलो तेव्हा मामी ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत. मी शेजारी बसलो आणि बोलून टाकलं, की त्या दिवशी आग्रह तुमचा नव्हता, माझा होता, जाणूनबुजून होता.

मामी गहू निवडत होत्या, निवडत राहिल्या. "मला ठावं हाय."

"कसं काय?"

"आग्रह करणारं माणूस ताटाकडं बघतंय. तुम्ही दाराकडं बघू राहिले व्हते."

"मग इतकी वर्षं स्वतःला का दोष दिला, मामी? धोंडे का बंद केले?"

"त्येच्यासाठी थोडंच केले? तुमच्यासाठी केले. पुन्यांदा तसलं काय तोंडातून जाऊ नाय म्हनून." मग ताट बाजूला सारून म्हणाल्या, "आता सांगितलंत नव्हं? मग करते उद्या."

दुसऱ्या दिवशी वीस वर्षांनी पंगतीला धोंडे होते. माझ्या ताटात चार. मी अर्धा कुस्करला, तीस वेळा चावला. तेवढ्यात शेजारून रंगनाथचा हात आला. त्यानं न बोलता माझ्या ताटातला एक धोंडा उचलला, मग दुसरा, मग तिसरा. मला वाचवण्यासाठी तो माझे धोंडे खात होता. माझे डोळे भरून आले. असा साडू सात जन्मांत मिळायचा नाही.

मान वर केली तर मामी माझ्याकडंच बघत होत्या. मी घाईघाईनं नजर दारावरून काढून ताटाकडं वळवली.