नामा गिझरवाला

नामा गिझर दुरुस्त करायला आला की आधी सिलिंडर बंद करायचा आणि मग न्हाणीघरात उदबत्ती लावायचा. मिरजगावात नव्यानं बदलून आलेल्यांना तो भाविक वाटायचा. देवाधर्माशी नामाचं काही देणंघेणं नव्हतं. दार लावून धूर कुठे जातो ते बघायचा. धूर जागीच घुटमळला की पिशवी न उघडता बाहेर यायचा. "आदी भिताडाला भोक पाडा, मग मला बोलवा," एवढंच म्हणायचा.

यामुळे त्याचं निम्मं गिऱ्हाईक पळायचं. हायवेवरच्या त्याच्या पत्र्याच्या दुकानात बसून मी त्याला शहाणपण शिकवायचो. मास्तरकी सुटली तरी खोड कुठे सुटते! अरे, लोकांना गरम पाणी हवंय, तुझं व्याख्यान नको. तो हसायचा. "सर, जाळाला बी श्वास लागतो आन् मानसाला बी. एका खोलीत दोगं भांडले तर जाळच जितनार."

माझ्या माडीवर वैशाली नावाची बँकेतली मुलगी भाड्यानं राहायची, एकटीच. दिवाळीच्या तोंडावर वरचा गिझर रुसला. पायलटची ज्योत पेटायची आणि दोन मिनिटांत विझायची. नामानं तपासलं. म्हणाला, गिझर ठणठणीत आहे. हवा खराब झाली की गॅस तोडणारा सेन्सर आपलं काम करतोय, भिंत फोडा. भिंत! छतापर्यंत फरशा बसवून महिना झाला नव्हता. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू, तोवर सेन्सर वगळून तारा थेट जोडून टाक. तो नाही म्हणाला. मग मी उपकार काढला. त्याच्या पोरीला नगरच्या वसतिगृहात जागा मी मिळवून दिली होती, त्याची आठवण करून दिली. इतका हलकट मी असेन असं मलाही वाटलं नव्हतं.

नामानं मुकाट्यानं तारा जोडल्या. जाताना जिन्यात थांबला. "ताईंना सांगा सर, आंगुळीला दार किलकिलं ठिवायचं. इसरू नका."

विसरलो नाही. लाजलो. एकट्या राहणाऱ्या तरण्या मुलीला घरमालकानं, आंघोळ करताना दार उघडं ठेव, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? बायको माहेरी गेली होती. ती आली की तिच्याकरवी सांगू, म्हटलं. चौथ्या दिवशी बँकेतून फोन आला, मॅडम आल्या नाहीत. न्हाणीघराचं दार तोडावं लागलं. पोर गेली होती.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तारा नामानं जोडल्या. ते खरंच होतं, त्यामुळे जीभ अडखळली नाही. दोन दिवस त्याला चौकीत बसवून ठेवलं. कुणाच्या सांगण्यावरून जोडल्यास, असं विचारलं तर तोंड उघडत नाही, हे जमादारानंच मला सांगितलं. मी जमादाराला चहा पाजला.

सुटल्यावर नामा घरी आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सर, ताईंना दाराचं सांगितलं हुतं ना तुमी?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. "मग माझाच हात चुकला," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर त्यानं कुठल्याही गिझरला हात लावला नाही. तसं त्याला कुणी बोलवतही नव्हतं. कांद्याच्या वखारीत गोण्या शिवायचा. मी दिसलो की उठून उभा राहायचा, आणि मी रस्ता बदलायचो. यंदा उन्हाळ्यात गेला. तेराव्याला मी गेलो. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं. मांडवात माणसं थोडीच होती. त्याची बायको पदर सावरत माझ्यापाशी आली.

"सगळ्यांनी पाठ फिरवली सर, तुमी तेवडे आलात. त्ये शेवटपर्यंत म्हनायचे, सरांनी ताईंना सांगितलं हुतं, त्यांच्याकडं बोट दावू नका."

तिनं स्वतः मला पान वाढलं. मी खाली मान घालून जेवलो.