रॉकच्या कार्यक्रमात वाटलेली निळी पत्रकं

हातात दिलेला कागद तुम्ही वाचता, की नुसता रंग बघून त्याचं काय करायचं ते ठरवता?

त्या संध्याकाळी छावणीजवळच्या मैदानावर पुण्याहून रॉक बँड आला होता. आपल्या शहरात असलं काही पहिल्यांदाच, म्हणून कॉलेजची पोरं लोटली होती आणि वाळूजच्या कारखान्यांतले तरुण इंजिनिअरही. कार्यक्रम पर्यावरणासाठी होता. म्हणजे मंचामागं झाडाचं मोठं चित्र होतं. आम्हा स्वयंसेवकांना हिरवे बिल्ले दिले होते आणि फाटकावर पत्रकं वाटायची परवानगीही.

बजाजनगरच्या पलीकडं एका वस्तीवर मेंढरं राखणाऱ्या एक मावशी राहतात. त्यांच्या विहिरीचं पाणी पिवळं झालंय, वर फेस धरतो. बरीचशी मेंढरं ते पिऊन मेली. मावशी आसपासच्या प्रत्येक कारखान्यात जाऊन आल्या. प्रत्येक फाटकावर एकच उत्तर : आमचं नाही, शेजारच्यांचं असेल. पाइप जमिनीखालून येतो. तो कुणाचा, हे आत काम करणाराच सांगू शकतो. तो एक माणूस शोधायला आम्ही गेलो होतो. मावशीही सोबत आल्या होत्या.

पत्रक मी लिहिलं. आमच्या घरात मी अक्षरं गिरवली तीच नामांतराच्या पत्रकांवरून. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला तेव्हा मी शाळेत होते. कॉलेजात गेले तरी पत्रकं काढणं काही थांबलं नव्हतं. मजकूर घेऊन छापखान्यात गेले, तर मालकांनी मान वर न करताच विचारलं, "कागद नेहमीचाच ना?"

"नेहमीचाच, काका."

नेहमीचा म्हणजे निळा. माझ्या मनात दुसरा रंग आलाच नाही.

फाटकावर पहिल्याच मुलानं हात मागं घेतला. "इथं पण नामांतर? गाणं तरी ऐकू द्या यार!"

"अहो, पाण्याचं आहे. वाचा तरी."

"निळं दिसतंय की," म्हणत तो हसत आत गेला. त्याच्यामागून येणाऱ्यांनी तर खिशातले हातच बाहेर काढले नाहीत.

त्यांचं सोडा. आमच्या गल्लीतली पोरं आली. "जय भीम ताई! आपला पाठिंबा हाय. आपल्याला काय वाचायला लावता?" घडी केली, खिशात घातली, निघाली नाचायला. याचा मला जास्त संताप आला.

ड्रम सुरू झाले. मावशींनी कानावर पदर ओढला. "काय गं, हे भांडायलेत का गायलेत?"

"गातायत, मावशी."

"लई राग दिसतो त्यांला. त्यांची बी हीर नासली का काय?"

तेवढ्यात एक चष्मेवाला इंजिनिअर थांबला. त्यानं पत्रक खरोखरच वाचलं, शेवटपर्यंत. मग हळू आवाजात विचारलं, "ही वस्ती नाल्याच्या खालच्या अंगाला आहे का?"

"व्हय साहेब, व्हय!" मावशी पुढं सरकल्या.

आणि फौजदार आले. "ताई, नामांतराची पत्रकं इथं चालणार नाहीत. बंदोबस्त आहे."

"नामांतराची नाहीत. आणि असती तरी? आधी वाचा!"

"वाचायचं कामच नाय. दिसतंय ना."

त्यांनी गठ्ठा उचलला. मी तावातावानं भांडत राहिले. वळून पाहते तर इंजिनिअरनं पत्रक मावशींच्या हातात परत दिलेलं, आणि तो गर्दीत शिरत होता. मावशी "साहेब, ओ साहेब" करत मागं धावल्या. त्या ढणढणाटात त्यांची हाक मलाच ऐकू येत नव्हती, तर त्याला कुठून येणार?

परतताना मावशी म्हणाल्या, "पोरी, पांढरा कागद मिळंना का तुला?"

"पांढरा का म्हणून?" मी तडकले. "आमचा रंग बघून लोक पाण्याकडंही पाठ फिरवणार असतील, तर चूक कागदाची आहे का?"

"तुझं खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर माझ्या मेंढरांनी प्यावं काय?"

विहीर अजून पिवळीच आहे.

तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी वाळूजला कामाला असेल, तर आज जेवताना त्याला विचारा : तुमच्या कारखान्यातलं वापरलेलं पाणी कुठं सोडतात? कळलं तर या अंकाच्या पत्त्यावर लिहा. स्वतःचं नाव घालू नका. आणि भाऊ, त्या दिवशी चष्मा सावरत थांबलेले तुम्हीच हे वाचत असाल, तर वस्तीवर या. प्रश्न तुम्ही विचारला होता. पुढचं, म्हणजे पाइप कुणाचा ते, मावशींना सांगायचं राहिलंय.