राव उस्तादच्या गाडीचं तेल

सध्या माझं पोस्टिंग बेंगळुरूला आहे. बनशंकरी, दुसरा मजला, मुलाचं घर. कमांडिंग ऑफिसर सूनबाई. मुलगा टू-आयसी, म्हणजे तिच्या खालोखाल. जवान मी एकटाच, त्यामुळं फॉल-इनला गर्दी होत नाही.

फौजेत ड्रायव्हर होतो. शिक्षण सातवी नापास, तीसुद्धा दोनदा. भरतीच्या वेळी उंची मोजताना टाचा उचलल्या होत्या, मोजणाऱ्या हवालदारानं बघितलं आणि म्हणाला, "खड्डे में खडा है क्या?" तरी घेतलं. देशाला त्या साली माणसं कमी पडत असावीत.

सकाळी अजून साडेचारला जाग येते. दाढी, बुटाला पॉलिश. मग बूट घालून कुठं जायचं नसतं, म्हणून काढून ठेवतो. आठला मुलगा आणि सून कॅबनं व्हाइटफील्डला जातात. ट्रॅफिक बरा असला तर रात्री नऊला परत. मधला सगळा दिवस मी आणि लिफ्ट. लिफ्टमधली बाई कन्नडमध्ये काहीतरी सांगते. मी "सरी" म्हणतो, म्हणजे बरं. दिवसात कुणाशी बोलणं झालं का विचारलं तर हो, झालं.

रविवारी मात्र मला जायला जागा होती. चार गल्ल्या सोडून अक्का राहायच्या. अक्का म्हणजे आमच्या हवालदार गणोजी रावांची बायको. राव उस्ताद युनिटचा व्हेईकल मेकॅनिक. बेंगळुरूचाच मराठा. यांची घराणी इथं शिवाजीमहाराजांच्या वडलांच्या काळापासून. मराठी बोलायचा, पण दर चार शब्दांत एक कन्नड. पहिल्या महिन्यात मला वाटायचं हा मला शिव्या देतोय. दुसऱ्या महिन्यात कळलं, खरंच देतोय.

उस्ताद ड्युटीवर असतानाच गेला. ते पुढं सांगतो.

अक्कांच्या दारात त्याची छोटी पांढरी गाडी उभी असायची. सेकंडहँड घेतलेली. शेवटच्या सुट्टीत त्यानं स्वतः इंजिन उघडलं, गॅस्केट बदलली, बंद केलं आणि युनिटला परत आला. त्यानंतर अक्कांचा भाऊ ती चालवायचा. चालवायचा म्हणजे पेट्रोल घालायचा, बाकी देवावर. तो वारला, आणि लॉकडाऊनपासून गाडी कव्हरखाली. मुलगी रेणुका मैसूरला बँकेत आहे. आई मोरीत पाय घसरून पडली तेव्हापासून ती मागं लागली होती, चल माझ्याकडं.

अक्का एक दिवस मला म्हणाल्या, "माने अण्णा, गाडी नीट झाली तर तिच्यात बसून मी मैसूरला जाते. नाही झाली तर भंगारवाल्याला द्यायची नाही, आणि हिला टाकून मी जायचीही नाही. जमेल तुला?"

म्हटलं, "जमेल की."

पायऱ्या उतरताना लक्षात आलं. जमलं तर अक्का जाणार. माझा रविवार जाणार. नाही जमलं तर दोघंही इथंच. आयुष्यात पहिल्यांदा नापास होण्यात फायदा होता, आणि नेमकं तेच काम मला येत होतं.

बॅटरी बदलली, पेट्रोल नवं भरलं. गाडी सुरू झाली, पण तेलाचा लाल दिवा विझेना. तेल मोजायची डिपस्टिक काढली तर टोकाला काळी खीर. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मंजण्णा बघायला आला. भला माणूस. माझ्याशी तो हिंदीत बोलतो, मी त्याच्याशी हिंदीत बोलतो, दोघांनाही येत नाही.

"अंकल, दो रास्ता. एक, नीचे का सम्प, तेल का डब्बा, खोल के साफ. दो, फ्लश डालो, पंद्रह मिनट चालू रखो, निकालो. सब धुल जाएगा."

अक्का दारातून म्हणाल्या, "उघडायचं नाही. त्यांनी बंद केलेलं आहे."

मंजण्णा माझ्याकडं बघून म्हणाला, "तो फ्लश. स्वल्प महंगा है, पर एक दिन का काम."

मी म्हटलं, "नहीं भाई. धीरे धोएगा."

"धीरे मतलब?"

"साधा तेल, नया फिल्टर. थोडा चलाएगा, गरम गरम निकालेगा. फिर नया. ऐसा चार बार."

"चार बार? अंकल, कितना महीना?"

"जितना लगे."

मंजण्णा हसला. म्हणाला, "आपको टाइम बहुत है." खरं बोलला.

आता सिव्हिलियन मंडळींना हे का, ते सांगायला पाहिजे. ते मी गॅरेजात शिकलो नाही. डोंगरावर शिकलो.

पोस्ट उंचावर होती. नाव सांगत नाही. वर आमच्याकडं एक ढाई टन होती, फौजेचा जुना ट्रक, तिचं वय माझ्या नोकरीपेक्षा जास्त. इंजिनात मळ इतका की ऑइल फिलरचं झाकण उघडलं तर आत डांबरी सडक. उस्ताद म्हणाला, धुवायला पाहिजे. मी धावत जाऊन डिझेलचा डबा घेऊन आलो.

"हे काय?"

"उस्ताद, हे ओतू, अर्धा तास चालवू, धडाधड निघेल. लंगरात जेवायच्या टायमाला मोकळे."

उस्तादनं डबा बघितला, मला बघितलं. "माने, तुला कडक जुलाब देतो आणि लगेच वरच्या पिकेटला पाठवतो. सरी?"

मी डबा पाठीमागं धरला.

"वर्षांचा मळ आहे. हळू सुटला तर तेलात मिसळून तेलाबरोबर जातो. एकदम सुटला तर गठ्ठा होतो. गठ्ठा जाळीवर जाऊन बसतो. मग पंप नुसतं तोंड उघडून बसतो, तेल काही येत नाही. तुझ्यासारखं. तोंड उघडं, आत माल नाही."

डबा परत ठेवून आलो. उस्तादनं साधं तेल भरलं, थोडं चालवलं, गरम असताना काढलं. पुन्हा भरलं. जुना फिल्टर तो फेकायचा नाही. पत्रा कापून आतला कागद उलगडायचा, बोटानं मळ चोळून बघायचा. दोन वेळा झालं होतं, दोन बाकी होत्या, तेवढ्यात नेगी आजारी पडला.

सिपाही नेगी, गढवालचा. सकाळी पोट धरून बसला. दुपारी उभं राहता येईना. खालचे डॉक्टर साब वायरलेस सेटवर म्हणाले, अपेंडिक्स, संध्याकाळपर्यंत खाली आणा. हेलिकॉप्टर मागवलं. ढग होते. आलं नाही.

सेटवर कंपनी कमांडर साब. "ढाई टन चलेगा? ओव्हर."

उस्ताद म्हणाला, "चलेगा साब. धीरे. ओव्हर."

"इंजिन रस्ते में गया तो? ओव्हर."

"मैं साथ जाता हूँ. ओव्हर."

निघालो. मागं नेगी आणि नर्सिंग असिस्टंट. पुढं मी स्टेअरिंगला, शेजारी उस्ताद, मांडीवर तेलाचा शेवटचा डबा लेकरासारखा धरलेला. तो रस्त्याकडं बघतच नव्हता. एक डोळा प्रेशरच्या काट्यावर आणि कान बॉनेटकडं. मी विनोद करायला गेलो तर म्हणाला, "गप. ऐकू दे."

अर्ध्या वाटेवर काटा पडायला लागला. उस्ताद म्हणाला, "पुढच्या वळणावर जागा आहे. तिथं थांबव. बंद कर."

थांबवलं. मागून नेगी ओरडत होता. उस्ताद गाडीखाली गेला.

सेटवर साब. "क्यों रुके? ओव्हर."

मी सेट धरून सांगितलं, "तेल बदली, साब. ओव्हर."

"जल्दी करो. ओव्हर."

मी खाली वाकून म्हटलं, "उस्ताद, साब म्हणतात जल्दी."

खालून आवाज आला, "साबला सांग, जल्दी होत नाही."

मी साबना असं कसं सांगणार? म्हटलं, "हो रहा है साब. ओव्हर." तेल काळं, दाट, बर्फावर पडून वाफ निघत होती. तो शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबला. फिल्टर बदलला. डबा ओतला. मी स्टार्टर मारला. काटा वर आला आणि वरच राहिला. उस्तादनं खिडकीतून बघितलं आणि हसला. माझ्याकडं बघून नाही, काट्याकडं बघून.

मागचं चाक कडेच्या मऊ जागेत होतं. उस्ताद पुढं जाऊन उभा राहिला, हातानं इशारे द्यायला. डावीकडं. थोडं. ये. ये. चाक वर आलं.

आधी आवाज आला. मग वरून दगड आले. मग उस्ताद उभा होता तेवढी कड नव्हती.

मी उतरून कडेला गेलो. हाक मारली. खाली नाला, ढग, काही दिसेना. पुन्हा हाक मारली.

"माने, रिपोर्ट. ओव्हर."

"राव उस्ताद नीचे गया, साब. जवाब नहीं देता. ओव्हर."

मी सेट कानाला दाबून धरला.

"माने. पेशंट लेके निकलो."

"साब, मैं एक बार नीचे..."

"पार्टी आ रही है. तुम निकलो. ऑर्डर है. आउट."

निघालो. शेजारची सीट रिकामी. काटा जिथं होता तिथंच होता, एम.आय. रूमच्या, म्हणजे खालच्या दवाखान्याच्या दारापर्यंत. इतकं गुळगुळीत इंजिन मी कधी चालवलं नव्हतं. नेगीचं ऑपरेशन झालं, वाचला. शोधायला गेलेल्या पार्टीला उस्ताद दुसऱ्या दिवशी सापडला. कोटाच्या खिशात काढलेला जुना फिल्टर होता, चिंधीत गुंडाळलेला. कापून बघायचा राहिला होता.

हे सगळं मी अक्कांना त्याच वर्षी येऊन सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं होतं, "तेल पूर्ण उतरू दिलं ना त्यांनी?" म्हटलं, हो.

तर पांढऱ्या गाडीचं तसंच केलं. पहिलं तेल डांबरासारखं निघालं. दुसरं काकवीसारखं. तिसऱ्या तेलानंतर लाल दिवा विझला. मग दर रविवारी बनशंकरीपासून कनकपुरा रोडला लागायचं, इंजिनाला त्रास न देता हळूहळू जायचं, परत यायचं. मागचे हॉर्न वाजवायचे. एक ऑटोवाला शेजारी येऊन म्हणाला, "अज्जा, ढकलू का?" कन्नडमध्ये म्हणाला, पण हाताच्या खुणेवरून कळलं. परत आलो की अक्का कॉफी द्यायच्या. फारसं बोलणं नसायचं. त्यांच्या घरात नुसतं गप्प बसणं हे माझ्या घरातल्या गप्प बसण्यापेक्षा वेगळं होतं, एवढंच सांगता येईल.

चौथं तेल काढलं. उन्हात धरलं तर पलीकडचं दिसत होतं. फिल्टर कापला, कागद उलगडला. बोटाला काही लागलं नाही.

अक्का दारात उभ्या. "कसं आहे?"

मी म्हटलं, "अक्का, अजून एकदा करावं लागेल."

त्यांनी माझं बोट बघितलं. स्वच्छ होतं. लपवायचं राहिलं होतं. खोटं बोलताना पुरावा हातात धरून उभा राहणारा माणूस मीच.

"अण्णा, गाडीला लागेल, का तुला?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"झालं, अक्का," मी म्हटलं. "मैसूरला जाऊन परत येईल, एवढं झालं."

"बरं," त्या म्हणाल्या. आत गेल्या. त्या दिवशी कॉफी दोनदा आली.

रेणुका शनिवारी बसनं आली. वडील गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. रविवारी सकाळी सामान डिकीत भरलं, अक्का पुढं बसल्या, मांडीवर देव्हारा. रेणुकानं किल्ली फिरवली आणि थांबली.

"मामा, अप्पा गाडी कशी चालवायचे?"

"वाईट," मी म्हटलं. "गिअर बदलताना गाडीला उचकी लागायची. लोकांना वाटायचं मेकॅनिक आहे, झकास चालवत असेल. तो रस्त्याकडं बघतच नव्हता, नुसता इंजिन ऐकायचा."

तिनं मोबाइलवर लागलेली गाणी बंद केली. काच खाली घेतली. आम्ही तिघं थोडा वेळ ऐकत राहिलो. एकसारखं चालत होतं.

"मैसूरला ये, अण्णा," अक्का म्हणाल्या.

"येतो की," मी म्हटलं. आम्हा दोघांना माहीत होतं, मी मुलाला कधी सांगणार नाही की मला मैसूरला सोड.

गाडी वळून मेन रोडला लागली. मी तिथं उभा. समोरच्या घरातल्या बाईनं कन्नडमध्ये विचारलं, बहुतेक काय हवंय. मी म्हटलं, सरी, आणि निघालो. घरी आलो तर मुलगा झोपलेला. दुपारी त्यानं विचारलं, "बाबा, आज अक्कांकडं नाही गेलात?" म्हटलं, जाऊन आलो.

उस्तादचं नाव युनिटमध्ये दगडावर कोरलेलं आहे. नंबर, रँक, नाव. दगडावर तेवढीच जागा असते, म्हणून बाकीचं मी सांगितलं.

आता रविवारी मी बाल्कनीत बसतो. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू करतं. काही इंजिनं कोरडी वाजतात. वरून कळतं, तेल बदलायला आलंय. मी काही बोलत नाही. आपली ओळख नाही, आणि भाषा येत नाही. राव उस्ताद असता तर हातातलं ताट ठेवून जिना उतरला असता, अनोळखी माणसाला बॉनेट उघडायला लावलं असतं, त्याच्या गाडीला आणि त्याला मिळून चार शिव्या दिल्या असत्या, आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्याच माणसाच्या घरी पाटावर बसला असता.